शितावरून भात : आंतोनिओ दे काबेसोनचं प्रकरण

1578 साली माद्रिदमध्ये फ्रान्सिस्को सांचेस याच्या छापखान्यातून संगीताचं एक जाडजूड पुस्तक बाहेर पडलं. नाव लांबलचक: ‘ओब्रास दे मूसिका पारा तेक्ला, आर्पा ई विवेला’. म्हणजे तेक्ला, हार्प आणि विवेला या वाद्यांसाठीच्या रचना. तेक्ला म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेतली पट्टी. ऑर्गन असो की तारांचं वाद्य, पट्ट्या दाबून वाजणारं सगळं त्यात आलं. विवेला हे गिटारच्या घराण्यातलं, दरबारी स्पेनचं लाडकं वाद्य. मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून आंतोनिओ दे काबेसोनचं नाव आहे, आणि खाली एक ओळ: या रचना गोळा करून ‘सिफ्रा’त, म्हणजे अंकांत, उतरवल्या त्याचा मुलगा एर्नान्दो याने.

या प्रकरणाचा सगळा गुंता या एका ओळीत आहे. काबेसोन 26 मार्च 1566 रोजी वारला होता. पुस्तक निघालं तेव्हा त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. शिवाय तो अगदी लहानपणापासून आंधळा होता. म्हणजे युरोपातल्या पहिल्या फळीच्या कीबोर्ड-रचनाकारांपैकी एक असलेल्या या माणसाने स्वतःच्या हाताने एक सूरही कागदावर उतरवलेला असणं शक्य नाही. आपल्यासमोर आहे ते दुसऱ्याच्या हातचं.

एर्नान्दो हे लपवत नाही, उलट प्रस्तावनेत तो बापाच्या वतीने जवळजवळ माफीच मागतो. या काही मुद्दाम बसून केलेल्या रचना नव्हेत, त्याच्या मेजावरून खाली पडलेले तुकडे आहेत, असं तो म्हणतो. बाप शिष्यांना जे धडे देत असे तेच इथे आहेत, आणि धडा ठरायचा तो गुरूला किती येतं यावर नाही, शिष्याला किती झेपेल यावर. आपल्याकडे याला ताटाबाहेर सांडलेली शितं म्हटलं असतं. मग प्रश्न असा की शितावरून भाताची परीक्षा करायचीच झाली, तर या शितांवरून ती कशी करायची? आणि मुळात मुलाचं म्हणणं जसंच्या तसं मानायचं का?

माणूस

काबेसोनचा जन्म 1510 सालचा, स्पेनच्या उत्तरेला बुर्गोस प्रांतात, कास्त्रोखेरिसजवळच्या एका खेड्यात. त्या खेड्याचं पुढे अनेक शतकं टिकलेलं नाव होतं कास्त्रिल्यो मातखुदिओस, आणि त्यातल्या ‘मातखुदिओस’चा शब्दशः अर्थ ‘ज्यूंना मारा’. 2014 साली गावकऱ्यांनी मतदान घेतलं आणि गाव कास्त्रिल्यो मोता दे खुदिओस, म्हणजे ‘ज्यूंची टेकडी’, झालं. काबेसोनच्या जुन्या चरित्रांत एक नाव आणि नव्यांत दुसरं दिसतं, त्याचं कारण हे.

1510 हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने आठवेल. त्याच वर्षी अल्बुकर्कने गोवा घेतलं, पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या वतीने. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. या मानुएलची मुलगी इसाबेल हिचं 1526 साली सेव्हियामध्ये स्पेनचा राजा असलेल्या सम्राट चार्ल्स पाचवा याच्याशी लग्न झालं, आणि तिच्या पदरी वादक म्हणून त्याच वर्षी जो सोळा वर्षांचा मुलगा रुजू झाला, तो काबेसोन. त्याआधीचं शिक्षण बहुधा पालेन्सियाच्या कॅथेड्रलमधलं. सम्राज्ञीच्या पदरी ऑर्गन आणि मोनाकोर्दिओ वाजवणं हे त्याचं काम. 1538 पासून तो सम्राटाचाही खासगी वादक झाला. पुढच्याच वर्षी इसाबेल गेली. तिच्या मुलांना, म्हणजे फिलिप, मारिया आणि हुआना यांना, संगीत शिकवण्याचं काम त्याच्याकडे होतं. 1543 मध्ये फिलिप सोळा वर्षांचा असताना बापाच्या गैरहजेरीत राज्य सांभाळू लागला आणि काबेसोन त्याच्या पदरी आला, तो शेवटपर्यंत.

तेव्हा ‘धडे’ हा शब्द हलक्यात घेऊ नये. या माणसाच्या शिष्यांत पुढचा स्पेनचा राजा होता.

मोनाकोर्दिओविषयी दोन शब्द. इतर युरोप ज्याला क्लाविकॉर्ड म्हणतो तेच हे. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाला बसवलेली पितळी पाती वर येऊन तारेला टेकते, आणि पट्टी दाबून धरलीय तोवर टेकलेलीच राहते. आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत कोणी बोलत असेल तर ऐकू येणं मुश्कील. पण बोटाच्या दाबाने सूर किंचित हलवता येतो, ही सोय ना ऑर्गनवर, ना हार्पसिकॉर्डवर. त्या काळी पट्ट्या साधारण 42 असत. ज्याला दिसत नाही आणि जो सगळं बोटांनी आणि कानांनी ओळखतो, त्याला इतक्या जवळचं वाद्य दुसरं नसावं. (हे माझं मत, पण या वाद्यावर वाजवलेला काबेसोन ऐकून पाहा.)

अंकांची पट्टी

आता ‘सिफ्रा’. एर्नान्दोने वापरलेली लेखनपद्धत त्याने शोधलेली नाही. 1557 साली आल्काला दे एनारेस इथे लुईस वेनेगास दे एनेस्त्रोसा याने छापलेल्या संग्रहात ती आधीच आली होती. त्या संग्रहात चाळीसच्या आसपास रचना नुसत्या ‘आंतोनिओ’ या नावाखाली आहेत. आडनाव लिहायची गरज वाटली नाही, इतकं ते नाव तेव्हा प्रसिद्ध होतं. म्हणजे काबेसोन हयात असतानाच त्याचं संगीत बाजारात होतं. एर्नान्दो बापाला अज्ञातवासातून बाहेर काढत नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

पद्धत अशी. कागदावर आडव्या रेघा आखायच्या, जितके आवाज तितक्या रेघा. आवाज म्हणजे इथे एकाच वेळी इतरांबरोबर चालणारी एकेक स्वतंत्र सुरावट. चार आवाजांची रचना असेल तर चार रेघा: सर्वांत वरची सोप्रानोची, खाली आल्टो, टेनर, आणि तळाची बासची. रेघेवर 1 ते 7 अंक. 1 म्हणजे फा, 2 सोल, 3 ला, असं करत 5 म्हणजे दो आणि 7 म्हणजे मी. सप्तक बदललं की अंकाला टिंब, स्वल्पविरामासारखी खूण किंवा काट मारायची. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाला खाली आणि तार सप्तकाला वर बिंदू देतात, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक असा की आपला सा गायकाप्रमाणे हलतो, आणि हा 1 पट्टीला कायमचा खिळलेला आहे. लांबी दाखवायला वर तालाची खूण. सूर चालू ठेवायचा असेल तर एक चिन्ह, थांबायचं असेल तर तिरपी रेघ.

छापखान्याला हे सोयीचं होतं. एका कळफलकावर चार आवाज एकमेकांत गुंतलेले असताना ते पाच रेघांच्या लिपीत छापणं त्या काळच्या खिळ्यांना जड जायचं. आकडे मात्र प्रत्येक छापखान्यात असतातच. आणि हार्प, विवेला वगैरे वाद्यांची नावं मुखपृष्ठावर का, याचंही उत्तर काही अंशी इथेच आहे. विवेलावाल्यांची स्वतःची सहा रेघांची वेगळी लिपी होती, त्यामुळे हे पुस्तक थेट समोर ठेवून वाजवणं त्यांना सोपं नव्हतं. त्यातल्या निम्म्या जागी बोटंही पुरणार नाहीत. मला हे नाव बरंचसं विक्रीचं वाटतं: एक पुस्तक, तीन गिऱ्हाइकं.

पण या लिपीत सोयीपलीकडचं एक आहे, आणि या प्रकरणात तेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. आज आपण काबेसोन वाचतो तो पाच-पाच रेघांच्या दोन पाट्यांवर, उजवा हात वर, डावा खाली. त्यात आवाज हातांच्या हिशेबाने लावलेले असतात, आणि टेनर आल्टोच्या वर चढला की डोळा चुकतो. एर्नान्दोच्या पानावर हात कुठेच नाहीत. चार रेघांवर चार माणसं स्वतंत्रपणे चालताना दिसतात. आंधळा वादक ज्या तऱ्हेने संगीत डोक्यात धरून ठेवतो ते अगदी असंच: हे बोट, ते बोट असं नाही, तर हा आवाज कुठून निघाला, कुठे पोचला, आता कोण बोलणार. मुलाने निवडलेली लिपी बापाच्या कानाच्या जवळची होती, मग ती कोणत्याही कारणाने निवडलेली असो.

धडा म्हणजे काय

पुस्तकाची मांडणीच शाळेची आहे. सुरुवातीला नवशिक्यांसाठी दोन आवाजांच्या रचना, मग तीन, मग चार. नंतर चर्चच्या आठ ‘तोनो’ंसाठी, म्हणजे स्तोत्रं म्हणायच्या ठरलेल्या चालींसाठी, छोटे वेर्सो, प्रत्येक तोनोचे चार. या चारांत स्तोत्राची मूळ चाल आळीपाळीने सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बासमध्ये ठेवलेली. आठ चोक बत्तीस. विद्यार्थ्याने हे बत्तीस वाजवले की कोणतीही चाल कोणत्याही आवाजात धरून उरलेले तीन आवाज तिच्याभोवती कसे गुंफायचे हे हाताला कळतं.

हे वेर्सो इतके लहान का, याचं कारण रोजच्या कामात आहे. प्रार्थनेत स्तोत्राची एक ओळ गायकवृंद म्हणे आणि पुढची ऑर्गन वाजवे, पुन्हा गायक, पुन्हा ऑर्गन. ऑर्गनच्या वाट्याला येणारा वेळ एका ओळीचा. लांबवलं तर पाद्री खोळंबणार. काबेसोनने हजारो वेळा हे केलं असेल, आणि त्याच क्षणी सुचेल ते केलं असेल. पुस्तकातल्या वेर्सोंवरून त्या हजारोंचा घाट कळतो, ते स्वतः मात्र गेले ते गेलेच.

मग पुढे ‘तिएंतो’ येतात. दोन्ही संग्रह मिळून त्याचे एकोणतीस तिएंतो आपल्याकडे आहेत. या शब्दाचा अर्थ चाचपणं. आंधळ्या वादकाच्या बाबतीत यावरून हळवं काही लिहायचा मोह होतो, पण शब्द त्याच्या आधीपासूनचा आहे. वाजवायला बसल्यावर वाद्य लागलंय का, हात मोकळा आहे का, हे पाहायला जे वाजवतात त्याचं हे नाव. काबेसोनच्या हाती त्याचं रूप पालटलं. एक लहानसा विषय एका आवाजात येतो, दुसरा तोच घेतो, तिसरा, चौथा. तो मुरला की नवा विषय. कुठेही घाई नाही. मधेच कधी तरी बारीक सुरांची लड सुटते आणि परत पाणी संथ होतं.

त्यानंतर ग्लोसा: जोस्कँ, गोंबेर, क्रेकियों या रचनाकारांची गायनासाठीची प्रसिद्ध गाणी आणि मोतेत (लॅटिन धार्मिक गीतं) घेऊन लांब सुरांच्या जागी धावत्या सुरांच्या लडी भरायच्या. चार, पाच, अगदी सहा आवाजांच्या रचनाही यात आहेत. सहा आवाज दहा बोटांत सांभाळायचे आणि वर लडी! हे काही ‘शिष्याला झेपेल तेवढं’ नव्हे. इथे एर्नान्दोची विनम्रता जरा ताणली जाते असं माझं मत झालं.

शेजारचं पुस्तक

शितावरून भात ओळखायला आणखी एक साधन आहे. 1565 मध्ये, काबेसोनच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, वायादोलिदला तोमास दे सान्ता मारिया या दोमिनिकन साधूचं ‘आर्ते दे तान्येर फांतासिया’ छापलं गेलं. कीबोर्डवर आयत्या वेळी रचना कशी करावी याचं हे शिक्षण. मुखपृष्ठावरच लिहिलंय की राजाचा थोर वादक आंतोनिओ दे काबेसोन आणि त्याचा भाऊ हुआन यांनी हे तपासून मान्य केलं आहे. हुआनही वादक होता. म्हणजे काबेसोनने शब्दांत काही लिहून ठेवलं नसलं तरी त्याच्या संमतीचा शिक्का असलेला हा मजकूर आपल्याकडे आहे.

सान्ता मारिया बारीकसारीक सांगतो. हात मांजराच्या पंजासारखे आकसलेले ठेवा. उजव्या हाताने चढताना तिसरं-चौथं बोट आळीपाळीने, उतरताना तिसरं-दुसरं. अंगठा खाली घालून सरसर जाणं ही पुढच्या काळाची गोष्ट. बोटं अशी जोडीजोडीने चालली की सूर आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत बोलू लागतात.

आणि खरी गंमत तालाची. सारख्या लांबीचे लिहिलेले सूर सारखे वाजवू नका, असं तो म्हणतो. एक लांब, एक आखूड. किंवा आधी आखूड, मग लांब. किंवा चारांतले तीन पटापट आणि चौथ्यावर थांबा. याला तो ‘चांगल्या डौलाने’ वाजवणं म्हणतो. त्याखेरीज सुरांना हलवायचे ‘किएब्रो’ आणि ‘रेदोब्ले’ हे अलंकार. 1578 च्या पुस्तकात यातलं जवळपास काहीच छापलेलं नाही. तिथे अंक सपाट, सारखे. ज्याला वाजवता येतं त्याला हे सांगायची गरज नाही, असं एर्नान्दोने गृहीत धरलं असणार. बंदिश लिहिणारा तरी प्रत्येक मींड कुठे लिहितो?

म्हणून छापलेले अंक जसेच्या तसे, एकसारखे वाजवलेले काबेसोनचे ध्वनिमुद्रण मला कोरडं वाटतं. ते चुकीचं नाही, पण फक्त शितं मोजल्यासारखं आहे.

घोडेस्वाराची चाल

एकच रचना निवडायची तर मी ‘एल कान्तो देल काबाय्येरो’वरच्या दिफेरेन्सियास निवडीन. दिफेरेन्सिया म्हणजे एकाच चालीवर केलेले वेगवेगळे बदल. मूळ गाणं लोकप्रिय होतं, ‘त्या घोडेस्वाराला सांगा, तक्रार करू नकोस’ अशा शब्दांचं. गोंबेरनेही ते पाच आवाजांत बांधलं होतं. काबेसोन आधी चाल वरच्या आवाजात जवळजवळ साधी ठेवतो. मग ती आतल्या आवाजात उतरते, आणि वरच्या आवाजाला मोकळीक मिळते. आता चाल ऐकणाऱ्याने शोधायची.

छापील रूपातल्या दिफेरेन्सियास काबेसोनच्या आधीच्या आहेत. लुईस दे नार्व्हाएस याने 1538 साली वायादोलिदला विवेलासाठी त्या छापल्या होत्या, त्यात ‘ग्वार्दामे लास वाकास’ म्हणजे ‘माझ्या गाई सांभाळ’ या चालीवरच्याही आहेत. तीच गाईंची चाल काबेसोननेही घेतली. विवेलावर एक बदल संपतो, तार थांबते, दुसरा सुरू होतो. काबेसोन एका बदलातून दुसऱ्यात शिरताना सांधा दिसू देत नाही. शेवटचा सूर टेकायच्या आत दुसरा आवाज पुढच्या बदलाची सुरुवात करून मोकळा होतो. सगळी मिळून एकच चढत जाणारी रचना होते. माझ्या मते कीबोर्ड-संगीताला त्याने दिलेली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट.

इथून इंग्लंडचा विषय निघतोच. फिलिपबरोबर काबेसोन 1548 ते 1551 इटली, जर्मनी आणि नेदरलँड्स फिरला. 1554 मध्ये फिलिपचं इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर हिच्याशी विंचेस्टरला लग्न झालं, तेव्हा राजाच्या वादकांत तोही इंग्लंडला गेला. काही दशकांनी बर्ड, बुल वगैरे इंग्रज रचनाकारांनी चालींवर बदल करण्याची कला शिखरावर नेली. दोन टोकं जोडून ‘काबेसोनने इंग्रजांना शिकवलं’ असं बरेच जण लिहितात. एक आंधळा वादक वर्षभर परदेशी दरबारात राहिला, तिथल्या वादकांनी त्याला ऐकलं असणार, इथपर्यंत ठीक. त्यापुढचं वाक्य लिहिणाऱ्याला पुरावा द्यावा लागेल.

मुलाचा हात

आता मूळ प्रश्न. एर्नान्दो कोण? 1541 मध्ये माद्रिदला जन्मलेला, 1563 पासून सिग्वेन्सा कॅथेड्रलचा ऑर्गनवादक, आणि बाप वारल्यावर 1566 मध्ये राजाच्या सेवेत त्याच जागी नेमलेला. काबेसोनला पाच मुलं. आगुस्तीन हा राजाच्या गायकवृंदातला मुलगा बापाआधीच वारला. एर्नान्दो स्वतः चांगला रचनाकार होता. पुस्तकात त्याच्या आणि काका हुआनच्याही काही रचना त्याने घातल्या. बापाची नोकरी चालवणारा, बापाचा राजा हाच धनी असलेला आणि पुस्तकही त्याच राजाला अर्पण करणारा मुलगा बापाविषयी लिहिताना विनम्र होणारच. ‘ही नुसती शितं’ म्हटलं की भात किती मोठा होता हे न बोलता सांगून होतं. प्रस्तावनेतली माफी ही स्तुतीच आहे.

तरी ती खोटी नाही. पुस्तकाचा घाट शाळेचा आहे, वेर्सो शिकवण्यासाठीच रचलेले दिसतात, आणि जे ऐकून फिलिपच्या दरबाराने या माणसाला थोर मानलं ते बरंचसं त्या त्या संध्याकाळी वाजून विरलं. म्हणून एर्नान्दोचं बोलणं वेर्सोंना लावावं, आणि तिएंतो, ग्लोसा, दिफेरेन्सियास यांना लावू नये, असा माझा निवाडा आहे. काबाय्येरोच्या रचनेत जी जोडणी आहे ती धड्यातून सांडलेली नाही. ती कोणीतरी पुन्हापुन्हा वाजवून, ऐकून, घासून बसवलेली आहे. डोळे नसलेल्याला कागदाची उणीव भासली असेल तर ती त्याने स्मरणाने भरून काढली, आणि त्या स्मरणातून मुलाने उतरवून घेतलं.

एर्नान्दो 1602 मध्ये वायादोलिदला वारला. सिफ्रा लिपी पुढेही काही काळ चालली, 1626 मध्ये कोर्रेआ दे आराउखोने आपलं ऑर्गनचं पुस्तक त्याच लिपीत काढलं. मग ती वाचणारे उरले नाहीत. काबेसोन तिच्यात अडकून राहिला तो 1895 पर्यंत, जेव्हा फेलिपे पेद्रेलने या पुस्तकाची आजच्या लिपीतली आवृत्ती काढायला सुरुवात केली.

काबेसोनला माद्रिदच्या सान फ्रान्सिस्को मठात पुरलं होतं. थडग्यावर लॅटिन ओळी होत्या: कीर्ती पृथ्वीवर आणि आत्मा ताऱ्यांत असताना त्याचं आडनाव मी कशाला सांगू, आणि त्याच्या जाण्याने फिलिप राजाचा सगळा दरबार रडला. अठराव्या शतकात मठ पाडून तिथे मोठं चर्च बांधलं गेलं. थडगं त्यात गेलं, ओळी उतरवून घेतलेल्या होत्या म्हणून राहिल्या.